चादरी मोजताना चढणारं बीपी

वाचकाचं पत्र, थोडं संक्षेपाने:

"मी ४४ वर्षांची, उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका. नोकरीला एकवीस वर्षं झाली, सध्या फीमेल मेडिसिन वॉर्डला आहे. गेल्या महिन्यात ड्युटीवर गरगरल्यासारखं झालं म्हणून सरांनी बीपी बघितलं, १५८/९८ निघालं. दोन दिवसांनी परत १५२/९६. ॲम्लोडिपिन ५ सुरू केली. दहा-बारा दिवस घेतली, पण पाय सुजायला लागले. म्हणून आता डोकं दुखेल त्याच दिवशी घेते. मिस्टर म्हणतात, नर्स असून तुला कळत नाही का! मध्यंतरी आमच्याकडे ताण व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा झाली. बाहेरचे वक्ते होते. सकारात्मक विचार करा, हसत राहा, असं बरंच सांगितलं. मी नाइट संपवून तशीच बसले होते, अर्धा वेळ डुलक्याच काढल्या. आता मेट्रन मॅडम म्हणतात, आपल्याकडे बीपीच्या सिस्टर बऱ्याच आहेत, त्यांच्यासाठी तूच वर्ग घे, तुला स्वतःला अनुभव आहे. मी काय शिकवू? प्राणायामाने गोळी सुटते का? आणि एवढ्या कामाच्या रगाड्यात 'ताण घेऊ नका' म्हणायला मला तोंड तरी आहे का? नाव छापू नये."

प्रिय सिस्टर,

नाइट करून आलेल्या बाईला घरी झोपायला न सोडता ताण व्यवस्थापनाच्या वर्गात बसवलं, हे वाचून आधी हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं. मी परिचर्या शाळेत पाठ्यनिर्देशिका होते. असे वर्ग मीही भरवलेत आणि मागच्या रांगेत पेंगणाऱ्या मुलींना नाव घेऊन उठवलंयसुद्धा. तेव्हा मला बीपी नव्हतं. पन्नाशीत ते आलं, आणि मग त्या मुलींची मनातल्या मनात माफी मागितली.

वर्गाचं नंतर बघू. आधी तुमची गोळी.

डोकं दुखेल त्या दिवशी ॲम्लोडिपिन घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं. ही गोळी सावकाश चढते, पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी जातो, आणि सावकाशच उतरते. अधूनमधून घेतलीत तर पाय सुजण्याचा त्रास पदरात पडेल आणि बीपी जिथल्या तिथे राहील. शिवाय डोकेदुखी हे काही बीपीचं माप नव्हे. बीपी बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, हे तुम्हीच ओपीडीत पेशंटला समजावत असाल.

पाय सुजतात ते किडनीमुळे, असं समजून घाबरू नका. ॲम्लोडिपिनने बारीक रोहिण्या सैलावतात आणि पाणी घोट्यापाशी झिरपतं. आपण दिवसभर उभ्या, त्यामुळे ते जास्तच दिसतं. त्यावर वॉर्डातली लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, परस्पर घेऊ नका. या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही आणि पोटॅशियम मात्र उतरतं. सरांना सरळ सांगा. ते डोस कमी करतील, सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडतील किंवा गोळीच बदलतील. टेल्मिसार्टन दिली तर रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघून घ्या. वर्गात तरुण मुली असतील तर त्यांना एवढं आवर्जून सांगा, की बाळाचा विचार असेल तर या जातीची गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधीच कल्पना द्यायची.

शिफ्टमध्ये गोळीची वेळ कशी सांभाळायची, हा प्रश्न सगळ्याच जणी विचारतील. मी माझी गोळी सकाळी आठला बांधून टाकली होती. मॉर्निंग असेल तर आठला ओव्हर, म्हणजे वॉर्डचा ताबा, घ्यायची, नाइट असेल तर आठला ओव्हर द्यायची, इव्हिनिंग असेल तर घरी चहा. कुठलीही ड्युटी लागो, आठ काही चुकत नाहीत. गोळी सकाळी घेतली की रात्री, याने मोठा फरक पडत नाही हे आता मोठ्या अभ्यासातून दिसलंय. फरक पडतो तो रोज घेण्याने.

आणखी एक विचारते, रागावू नका. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किती घेता? आपल्यापैकी कितीतरी जणी पेशंट उचलून-वळवून कंबर धरतात आणि ट्रेमधली एक गोळी सहज तोंडात टाकतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांना निकामीही करतात. सर्दीच्या गोळ्यांमधलं नाक मोकळं करणारं औषध तेच करतं. ओरडून ओरडून घसा बसला म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळणारी एक सिस्टर माझ्याकडे होती. ज्येष्ठमधानेही बीपी चढतं, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही, कारण ते "आयुर्वेदिक" होतं.

आता प्राणायाम. याचं उत्तर देताना मला थोडा अभिमान वाटतो, कारण या विषयातलं एक जुनं काम आपल्या मुंबईतलं आहे. के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या पेशंटना शवासन शिकवलं आणि १९६९ मध्ये 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. नियमित शवासन करणाऱ्या बऱ्याच जणांचं बीपी उतरलं आणि गोळ्या घेणाऱ्या काहींचा डोस कमी करता आला. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी शिथिलीकरण शिकवून असंच काम 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. म्हणजे ही थाप नाही.

पण डोस कमी केले ते डॉक्टरांनी, मोजून-मापून. पेशंटने घरी बसून ठरवलं नव्हतं. नंतरच्या वर्षांत असे बरेच प्रयोग झाले, त्यांचा हिशेब साधारण असा निघतो की संथ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांनी वरचा आकडा थोडासा उतरतो, कोणाचा जास्त, कोणाचा काहीच नाही. एका साध्या गोळीने तो आठ-दहाने उतरतो. वजन एक किलो उतरलं की साधारण एक अंक. मीठ कमी केल्याने आणखी काही. तुमचं १५८ आहे. तेव्हा गोळी सोडून नुसत्या श्वासावर विसंबू नका, दोन्ही करा. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं आणि शीर्षासन मात्र बीपी ताब्यात येईपर्यंत बाजूला ठेवा.

वर्गाबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते. एका दिवसाची कार्यशाळा नकोच. हॉल, बॅनर, गुलाबाचं फूल, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसा. १२ मे ला परिचारिका दिन आणि १७ मे ला जागतिक उच्च रक्तदाब दिन, म्हणून त्या आठवड्यात दोन्ही एकत्र उरकायची फार सोय असते. त्यापेक्षा दुपारी दोनला मॉर्निंग आणि इव्हिनिंगची गाठ पडते, तेव्हा पंचवीस मिनिटं, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आणि ही पंचवीस मिनिटं ड्युटीत धरायची, हे मेट्रन मॅडमकडून लिहून घ्या. ज्यांची नाइट आहे त्यांना बोलवायचं नाही, त्यांचा वर्ग पुढच्या आठवड्यात.

पहिला आख्खा वर्ग बीपी मोजण्यावर घाला. हसाल तुम्ही, नर्सेसना बीपी मोजायला काय शिकवायचं! पण आपण एकमेकींचं बीपी कसं मोजतो ते आठवा. सलाईन लावून धावत आलेली सिस्टर टेबलाच्या कडेला टेकते, पाय लोंबकळतायत, दंडावरची बाही तशीच गुंडाळलेली, हात हवेत, तोंडाने "चार नंबरच्या कॉटची शुगर पाठव गं" चाललंय, आणि सकाळपासून लघवीला गेलेली नाही. असं मोजलं की आकडा वर दिसणारच. भरलेलं मूत्राशय, बोलणं, लोंबते पाय, आधार नसलेला हात, यातल्या एकेकाने आकडा काही अंकांनी वर जातो, कधी दहानेही. त्यात कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, लहान. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी जास्त दाखवतं, आणि वॉर्डात बहुधा एकच कफ असतो, जो सगळ्या जगाला चालवला जातो.

तेव्हा वर्गात प्रत्येकीने आधी लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. अर्ध्या तासात चहा झालेला नको. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा बीपीपेक्षा ती गप्प बसण्याची पाच मिनिटंच बायकांना जड गेली. एकीने तिसऱ्याच मिनिटाला सांगितलं, "मॅडम, असं बसलं की मला कोणीतरी ओरडेल असं वाटतं." ताण म्हणजे काय, याची व्याख्या मला त्या दिवशी पुन्हा शिकवावी लागली नाही.

घरचं मोजमापही तिथेच समजावा. सात दिवस, उठल्यावर गोळीच्या आधी दोनदा आणि झोपायच्या आधी दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते बीपी जास्तच. नाइट असेल तर "उठल्यावर" म्हणजे दुपारी उठल्यावर, भिंतीवरचं घड्याळ काहीही म्हणो. तुमचे दोन्ही आकडे वॉर्डातले आहेत, तेव्हा सात दिवसांचा हा तक्ता तुम्हीही करा आणि पुढच्या भेटीत सरांसमोर ठेवा. गोळी चालू ठेवूनच करायचा, हे सांगायला नको.

आकडे फळ्यावर लिहायचे नाहीत. रुग्णालयात पेशंटचं गुपित राखलं जातं, स्टाफचं मात्र मावशींपासून स्टोअरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. "तिला बीपी आहे, तिला आयसीयू झेपणार नाही" ही कुजबुज सुरू झाली की पुढच्या वर्गाला कोणी येणार नाही. प्रत्येकीची वही प्रत्येकीच्या पर्समध्ये.

दुसऱ्या वर्गात मी एकच काम दिलं होतं. आठवडाभर, अंगात तडतडलं, छाती धडधडली, कानशिलं तापली की वहीत तीन गोष्टी टिपायच्या: किती वाजले होते, काय झालं, आणि त्या क्षणी हातात काय होतं. हातात काय होतं, हे मी उगीच घातलं होतं, पण तेच उपयोगी पडलं. मला वाटलं होतं, मृत्यू येतील, भांडणारे नातेवाईक येतील, डॉक्टरांचं ओरडणं येईल. तेही होतंच. पण बहुतेकींच्या वहीत सकाळी आठच्या सुमाराला एकच शब्द होता: चादरी.

आमच्याकडे लिननची मोजणी ओव्हरच्या वेळी व्हायची. नाइटची सिस्टर बारा तास उभी राहून निघायच्या घाईत, मॉर्निंगची राउंडच्या धास्तीत, आणि मधे दोघी मिळून चादरी मोजतायत. अडतीस हव्यात, छत्तीस भरल्या. एक रेफर झालेल्या पेशंटखाली गेली, एक कुणा नातेवाइकाने घरी नेली. कमी पडलेल्याचा भुर्दंड सिस्टरच्या माथी. तेवढ्यात सहा नंबरच्या कॉटवरच्या आजींना धाप लागलेली असायची आणि दोघींच्या हातात चादर असायची.

यावर श्वासाचा कुठला व्यायाम शिकवणार होते मी? आम्ही त्या वह्यांतल्या नोंदी, नावं काढून, एका कागदावर उतरवल्या आणि मेट्रनकडे गेलो. मोजणी सकाळी अकराला, धोब्याच्या वेळेला, वॉर्डच्या मामांच्या समोर आणि दोघांच्या सहीने, एवढंच मागितलं. दोन महिने गेले, पण झालं. बाकी काही बदललं नाही, पेशंट तेवढेच, स्टाफ तेवढाच. तरी सकाळचे आठ बदलले.

रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला तेव्हा पटली. नुसतं जास्त काम माणसाला तेवढं खात नाही. काम जास्त आणि त्यात आपलं काही चालत नाही, ही जोडी खाते. आपल्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. म्हणून तुमच्या वर्गाच्या शेवटी सहा जणींनी मिळून एक, फक्त एक गोष्ट बदलून घ्यायची, असं ठरवा. तुमच्याकडे चादरी नसतील, फ्रीजची किल्ली असेल, इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे पाठवायची मागणी, असेल, भेटीच्या वेळेत वॉर्डात घुसणारी गर्दी असेल. तुमच्या वह्याच ते सांगतील.

श्वास शिकवायचा आहेच, तोही सांगते. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. घरी मांडी घालून दहा मिनिटं जमलं तर सोन्याहून पिवळं, पण ते जमणार नाही हे मलाही माहितीय आणि तुम्हालाही. मी मुलींना तो हात धुताना करायला लावला. साबणाने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. तेवढ्यात चार-पाच श्वास बसतात. पेशंट बदलला की हात धुवायचेच आहेत, त्यात ढकलून द्या. एका ड्युटीत कितीदा होतं ते मोजा. वर्गात शिकवायचं तर बेसिनपाशी उभं राहून शिकवा, चटई अंथरून नको. चटईवरचं शवासन घरी, ऑफच्या दिवशी, दार लावून.

झोपेवर एक वर्ग पुरा द्या. झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच सुट्टी. लागोपाठ नाइट करणाऱ्यांची ती सुट्टी बुडते. नाइटनंतर घरी गेल्यावर आधी धुणं, मग स्वयंपाक, मग सासूबाईंचं औषध आणि मग जमलं तर झोप, हा क्रम उलटा करायला घरच्यांना सांगावं लागतं. मिस्टर म्हणतात ना, नर्स असून कळत नाही? त्यांना म्हणावं, मला कळतं, आता तुम्हीही थोडं कळून घ्या, सकाळी नऊ ते दोन माझी रात्र आहे, बेल बंद ठेवा. घोरत असाल आणि दिवसा सारखी झोप येत असेल तर तेही सरांच्या कानावर घाला, त्याचा बीपीशी संबंध असतो.

खाण्याचं फार ताणू नका, प्रत्येकीला पाठ आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सगळं मिळून एक चमचाभर. नाइटच्या डब्यातलं लोणचं, पापड आणि रात्री दोनला फुटणारं फरसाणाचं पाकीट, एवढ्या तीनच गोष्टी बोला.

आणि एक वाईट सवय मोडायला सांगा. आमच्या काळी बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. मीही पिळली आहे. बीपी धाडकन खाली येतं आणि मेंदूचा, हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती पद्धत केव्हाच सोडायला सांगितलीय. ड्युटी रूममध्ये एकमेकींवर असले प्रयोग नकोत. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, अंधुक दिसणं, हातापायात बळ नसणं, यातलं काही असेल तर श्वासाचा व्यायाम नाही, स्ट्रेचर. तुमच्याच कॅज्युअल्टीत, पेशंट म्हणून.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तोंड आहे का. "ताण घेऊ नका" म्हणायला नाही. ते वाक्य वर्गात उच्चारूच नका. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाने साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनांमागे एक. तुमच्या वॉर्डात काल रात्री किती खाटांना किती जणी होत्या, ते तुम्हाला माहीत आहे. हे वर्गात मोकळेपणाने बोला. त्याने बीपी उतरणार नाही, पण ताण झेपत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मनाला लावून बसलेल्या दोन-तीन जणी तुमच्यासमोर बसलेल्या असतील, त्यांना ते ऐकायचं असतं. तुम्ही स्वतः गोळी चुकवत होतात, हेही सांगा. त्या दिवशी निम्म्या जणी आपापल्या पर्समधली अर्धवट पट्टी बाहेर काढतील.

जाता जाता, मोठ्या मापाच्या कफचा इंडेंट आजच टाका. स्टोअरमधून यायला किती दिवस लागतात, ते मी तुम्हाला काय सांगणार.